परवान्याची भीती नको, परतीच्या गठ्ठ्यांची धरा

एका लेखात म्हटलंय की मराठीत फासे टाकून, गोष्ट रचत खेळायच्या खेळाचं पुस्तक काढायचं तर अमेरिकन कंपनीकडून महागडा परवाना घ्यावा लागेल. हे बरोबर नाही. जानेवारी २०२३ मध्ये परवान्याच्या अटींवरून खेळाडू-प्रकाशक खवळल्यावर त्याच अमेरिकन कंपनीने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, अशा खेळांतल्या प्रसिद्ध ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही वापरता येणाऱ्या परवान्याखाली खुले केले. श्रेय द्या, भाषांतर करा, विका. त्यांचं नाव, बोधचिन्ह आणि बाकीची पुस्तकं मात्र त्यांचीच.

खरी अडचण छपाईची आहे. मी कोल्हापुरात छापखान्यात काम करतो, म्हणून सांगतो. हजार प्रती छापल्या की एका प्रतीचा खर्च उतरतो, आणि तिथेच माणूस भुलतो. दुकानात माल गेला म्हणजे खपला असं नसतं! आमच्याकडच्या एका कवीचे गठ्ठे दोन वर्षांनी जसेच्या तसे परत आले, तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणारी मूळ कंपनी टीएसआरसुद्धा पुस्तकविक्रेत्यांकडून आलेल्या परतीच्या मालाने खचली आणि १९९७ मध्ये विकली गेली. त्याच खेळाची १९७४ ची पहिली आवृत्ती हजारच प्रतींची होती, खोकी हाताने भरलेली.

म्हणून आधी पीडीएफ, आगाऊ नोंदणी, मग मोजून दोनशे प्रती. आणि ड्रॅगन कशाला? पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेली १६६० च्या आषाढातली पावसाळी रात्र घ्या. राजारामपुरीतली आमची पोरं दर रविवारी तीच खेळतात, वहीत हाताने लिहिलेल्या नियमांवर. कुणी छापणार असेल तर अक्षरजुळणी मी विनामोबदला करून देईन.