विलायती सायकल

आमच्या माळ्यावरची आजोबांची सायकल विलायती आहे, ही गोष्ट आमच्या घरात कुळाचारासारखी पाळली जायची. "नॉटिंगहॅमची रॅले आहे ती," असं बाबा पाहुण्यांना सांगत. त्यातलं 'नॉटिंगहॅम' म्हणताना कुलदैवताचं नाव घ्यावं तसा आवाज खाली येई. साखळी गंजून तिची सळई झालेली, कातडी सीट वाळवणातल्या पापडासारखी कडेने वर वळलेली. पण विलायती! भंगारवाल्याने एकदा किलोचा भाव सांगितला, तर बाबांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

परवा डॉक्टरांनी माझं वजन बघून 'हं' असा आवाज काढला. त्या भरात मी घरी जाहीर केलं की आजोबांची सायकल दुरुस्त करून रोज ऑफिसला जाणार. बायको म्हणाली, "आधी ट्रेडमिलवरचे कपडे काढ."

रास्ता पेठेतल्या जुन्या दुकानात सायकल टेम्पोतून नेली. मिस्त्रींनी विचारलं, "कोण चालवणार?" मी म्हटलं, "मी." त्यांनी एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं, एकदा सायकलकडे. "हिची काळजी नाही. ही टिकेल."

पहिले दोन दिवस कॉटर पिनने खाल्ले. पायडलचा दांडा आतल्या एक्सलला धरून ठेवणारी ही बोटभर पिन पेठेतल्या पागडीवाल्या भाडेकरूसारखी जागा सोडायला तयार नव्हती. घासलेट पाजलं, खालून पान्याचा टेकू दिला, वरून हातोडी मारली. तिसऱ्या दिवशी ती निघाली आणि मिस्त्रींच्या पायावर पडली. त्यानंतर त्यांनी तिच्याविषयी काढलेले उद्गार इथे देत नाही.

मग चाकं. या जुन्या सायकलींना पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्याला ४०. मला काय माहीत? मी रविवारी जुन्या बाजारातून ३६ भोकांच्या दोन रिमा हौसेने घेऊन आलो. विकणाऱ्याला शंका विचारली होती, तर तो म्हणाला, "बेरीज करा की साहेब, ७२च होते." बेरीज खरंच ७२ होत होती. मिस्त्रींनी मात्र त्या रिमा दुकानाबाहेर खिळ्याला टांगल्या. अजून तिथेच आहेत, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

खरा घात झाला तो बिल्ल्याने. मिस्त्रींनी हँडलखालच्या पितळी बिल्ल्यावर घासलेटचा बोळा फिरवला. आधी बगळ्याचं डोकं उगवलं. मग 'रॅले'. मग त्याच्या आधी 'सेन'. आणि सर्वांत खाली, स्वच्छ, ठसठशीत 'मेड इन इंडिया'.

"आसनसोलची आहे," मिस्त्री म्हणाले. "सेन-रॅले. बंगालचा माल. फार चांगला असायचा."

म्हणजे स्वातंत्र्यानंतर नॉटिंगहॅमच्या कंपनीने सेन मंडळींबरोबर आसनसोलला जो कारखाना काढला, तिथली! १९८०मध्ये सरकारने त्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि पुढे तो बंदच पडला. आमच्या घरात नॉटिंगहॅम कोणीच पाहिलेलं नाही. आजी मात्र काशीहून कलकत्त्याला जाताना आसनसोलच्या फलाटावर चहा प्यायली होती. सायकलचं माहेर बघून आली बिचारी, आणि तिला पत्ताही नव्हता.

"यावर जरा काळा रंग मारता येईल का?" मी हळूच विचारलं. मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पैसे देऊन निघालो.

घर कर्वेनगरला, ऑफिस बाणेर रस्त्यावर. सेनापती बापट रस्त्याच्या चढाला वीसेक किलोची ती सायकल आणि त्याच्या चौपटीहून जास्त किलोचा मी, असे दोघे चालत गेलो. एक आजोबा काठी टेकत आम्हाला ओलांडून गेले. उताराला पाऊस लागला. लोखंडी दांड्यांचे ब्रेक आणि ओली, गुळगुळीत स्टीलची रिम यांची गाठ पडली की ब्रेक आधी विचार करतात, मग लागतात. चतुःशृंगीपाशी त्यांचा विचार चालू असताना मी उजव्या बुटाने थांबलो. डावा बूट अजून चांगला आहे.

वाटेत पेट्रोल पंपावर हवा भरायला गेलो, तर तिथल्या मुलाची नळी जुन्या व्हॉल्व्हला बसेना. "काका, हिला हवा कुठून घालतात?" त्याने चौघांना हाक मारून बोलावलं.

सीट मऊ पडावी म्हणून आदल्या रात्री मी तिला खोबरेल तेल चोपडलं होतं. मीटिंगमध्ये पाठमोरा होऊन फळ्यावर आकडे लिहायला लागलो, तेव्हा मागे एकदम शांतता पसरली. पुढचा तास मी भिंतीला पाठ लावून 'नाही, असाच बरा आहे' म्हणत उभा होतो.

संध्याकाळी भिजून, लंगडत सोसायटीत शिरलो, तर बाबा खाली शेजारच्या जोशीकाकांना घेऊन उभेच. "बघा," बाबा म्हणत होते, "मडगार्ड केवढे दिलेत! नॉटिंगहॅमला पाऊस फार ना."

जोशीकाका वाकून बघायला लागले. मी हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी जरा मधोमध सरकवली.