आहेराची वही आणि अमेरिकावाले जवाई

परवा दारव्हा तालुक्यातील एका गावी बायकोच्या चुलतबहिणीचे साक्षगंध झाले आणि भर मांडवात माझी जी शोभा झाली, ती अजून घशाखाली उतरलेली नाही. मी मूळचा डेन्मार्कचा, संसार मात्र यवतमाळला. पाकिटात 501 रुपये घालण्याचा निर्णय माझा नव्हे, सासऱ्यांचा होता, हे आधीच नोंदवून ठेवतो.

आहेराची वही घेऊन बसलेल्या आजोबांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि समोरचा माईक चालू असतानाच विचारले, “जवाई, हे आपलेच रुपये व्हय ना जी? तिकडचे डालर नाही आणले?” आमच्याकडे डॉलर नव्हे, क्रोनर चालतो, आणि एका क्रोनरचे दहाहून अधिक रुपये होतात, असे मी प्रामाणिकपणे सांगताच त्यांनी पेन खाली ठेवला. ओला कापूस हाती आलेल्या व्यापाऱ्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

“मंग तिकडचेच पाचशे एक टाकाचे होते ना!”

मांडव हसला. मी विषय बदलावा म्हणून सांगितले की आमच्या देशाची लोकसंख्या सुमारे 60 लाख, म्हणजे यवतमाळ आणि अमरावती हे दोन जिल्हे मिळून होते जवळपास तेवढीच.

“कापूस होते?”

“नाही.”

“तूर?”

“तीही नाही.”

“मंग पिकवता काय बाप्पा?”

जव, गहू, बटाटे, असे मी म्हणालो. आजोबांनी अपार करुणेने माझ्याकडे पाहिले, वहीत लिहिले आणि माईकवर पुकारले, “अमेरिकावाले जवाई, पाचशे एक!”

माझ्यामागून वणीच्या साडूंनी 201 दिले. त्यांना वणीत काय पिकते, हे कोणीही विचारले नाही. डेन्मार्कमध्ये लग्नाच्या जेवणात पाहुण्यांनी ताटल्या वाजवल्या की नवरा-नवरीला सर्वांदेखत चुंबन घ्यावे लागते, आणि नवरदेवाच्या मोज्यांची टोके कापली जातात. हा आचरटपणा मला मान्य आहे, पण कोणी किती दिले, हे तेथे कोणी ओरडून सांगत नाही. शिवाय याच घरच्या पंगतींत मी घाम गाळत वांग्याची भाजी वाढली आहे. तेव्हा अमेरिका कोणालाही आठवली नव्हती.

परतताना सासूबाई म्हणाल्या, “हजार तरी टाकाचे होते, जवाई.” आणि 501 ठरवणारे सासरे शेजारी बसून मान डोलावत होते.