साहेबांचं चारित्र्य तपासण्याआधी

निवडणूक लागली की घरातला एखादा दीडशहाणा पुतण्या मोबाइल नाकासमोर धरतो आणि विचारतो, "काका, आपल्या साहेबांचं प्रतिज्ञापत्र वाचलंत का?" गांगरू नका. त्याला चहा सांगा आणि उलट विचारा, "आजोबांच्या मयतीला कोण आलं होतं रे?" साहेब आले होते. पांढरी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर घेऊन, चिखल तुडवत स्मशानापर्यंत आले होते. बहुतेक घरांत चारित्र्याची तपासणी इथेच आटोपते.

पोरगं तरीही ऐकेना, तर पुढची तयारी असू द्या.

प्रतिज्ञापत्र वाईट नसतं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापासून उमेदवाराला आपल्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण असं सगळं लिहून द्यावं लागतं. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं. फुकटच्या गोष्टीला आपल्याकडे किंमत नाही, हे आपलं नशीब. तुम्ही त्यातला फक्त गुन्ह्यांचा आकडा बघा, आणि तोही समोरच्या उमेदवाराचा. "सतरा गुन्हे!" असं पारावर नुसतं म्हटलं तरी पुरतं. कलमं चुकूनही वाचू नका. रास्ता रोकोचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा यांची कलमं वेगळी असतात, आणि हा फरक एकदा कळला की माणूस कुठल्याच बाजूने छातीठोक बोलू शकत नाही. आपल्या साहेबांचे गुन्हे निघालेच, तर ते सगळे 'आंदोलनातले'. पतसंस्थेचा असला तरी आंदोलनातलाच.

वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचंही तेच. गुन्हे नोंद असलेल्या उमेदवाराला ती माहिती मतदानाआधी तीन वेळा छापावी लागते. हरवलेली कागदपत्रं, नावात बदल आणि निविदा सूचना यांच्या शेजारी शोधा. शोधू नका खरं तर.

२०२० मध्ये न्यायालयाने पक्षांनाही कामाला लावलं. असा उमेदवार का निवडला आणि गुन्हे नसलेला कुणी का मिळाला नाही, याची कारणं पक्षाने जाहीर करायची, आणि 'निवडून येतो' एवढंच कारण चालणार नाही. बिहारच्या निवडणुकीत हे नीट न पाळल्याबद्दल पुढल्या वर्षी काही पक्षांना प्रत्येकी १ लाख आणि दोघांना ५ लाख रुपये दंड झाला. पाच लाख! आमच्याकडे एवढ्यात एका वॉर्डाची मटणाची पंगतसुद्धा धड उठत नाही.

आता पुतण्या इतिहासात शिरेल. म्हणेल, १९५६ मध्ये अरियालूरचा रेल्वे अपघात झाला आणि शास्त्रीजींनी मंत्रिपद सोडलं. उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि १९८२ मध्ये अंतुले सिमेंटपायी मुख्यमंत्रिपदावरून गेले. १९८६ मध्ये मुलीच्या एम.डी.च्या गुणांवरून मुख्यमंत्री निलंगेकर गेले. २००८ मध्ये आर. आर. आबांचं गृहमंत्रिपद तर २६/११ च्या हल्ल्यानंतर बोललेल्या एका वाक्याने गेलं. त्याला मनसोक्त बोलू द्या. मग हळूच विचारा, "पुढे काय झालं?" अंतुले पुढे केंद्रात मंत्री झाले. आबा वर्षभरात पुन्हा गृहमंत्री. राजीनामा म्हणजे अर्जित रजा, हे त्याला पटवायला यानंतर वेळ लागत नाही.

शेवटचा हुकमाचा एक्का म्हणून तो रामशास्त्री काढेल. सगळेच काढतात. १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला, रामशास्त्र्यांनी भर दरबारात राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं, वगैरे. तुम्ही एवढंच विचारायचं, "मग पुणं सोडून कोण गेलं? दादा की शास्त्रीबुवा?" हा प्रश्न आजवर एकाही पुतण्याने परतवलेला नाही. मात्र इथे विषय लगेच बदला. त्या प्रकरणात मेलेला पुतण्या होता आणि संशय काकांवर होता, हे त्याच्या लक्षात आलं तर पंचाईत. महाराष्ट्रात हा विषय तसाही जपून बोलावा.

खरी अडचण पक्षांतराची. ज्यांना आपण चार वर्षं 'भ्रष्टाचाराचा महामेरू' म्हणून ग्रुपवर सोलून काढलं, ते एका सकाळी आपल्याच साहेबांशेजारी गमछा घालून उभे दिसतात. (सकाळ कशाला, आपण २०१९ मध्ये पहाटेचा शपथविधीही पाहिलाय.) अशा वेळी 'महामेरू' पुसून 'अनुभवी नेतृत्व' लिहावं. आधी वाईट वाटतं, पण संध्याकाळपर्यंत सवय होते. जुने फॉरवर्ड काढून टाका. चौकशीचं काय झालं, असं कुणी विचारलं तर 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' म्हणा. दिवाणी असो, फौजदारी असो, की नुसतीच वदंता.

फ्लेक्स मात्र फाडू नका. उलटे करून गोठ्यावर टाकले की दोन पावसाळे बघायला नको. आमच्या गोठ्यावर सध्या तीन पक्षांचे तीन फ्लेक्स आहेत आणि तिन्हींवर साहेब एकच. परवा वाऱ्याने एक कोपरा उलटला आणि साहेब हात जोडून खाली म्हशीकडे बघायला लागले. पुतण्या शिडी घेऊन चढला, कोपऱ्यावर वीट ठेवली आणि वरूनच ओरडला, "काका, यातला आपला कुठला?"