शेवटून तिसरं अक्षर

मन्याच्या दुकानाची नवी पाटी नियमाप्रमाणे लागली. वर मोठ्या अक्षरांत मराठी, खाली इंग्रजी. कट्ट्यावरून ती समोरच दिसते. सुलभाने चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "मन्या, इंग्रजी 'स्टेशनरी'तलं शेवटून तिसरं अक्षर चुकलंय. तिथे 'ई' हवा, तू 'ए' लावलायस. त्याचा अर्थ होतो जागचं न हलणारं."

"लोक वह्या घ्यायला येतात गं, स्पेलिंग तपासायला नाही."

भाऊंना एवढं निमित्त पुरतं. मांडीवर थाप मारून सुरू, "ही गुलामी आहे, गुलामी! मराठीत दोन्ही स्टेशनरीच. विषय संपला!"

"तुमच्या मंडळाच्या फलकावर 'शिक्षक दीन' छापलं होतं, तेव्हा कोणाची गुलामी होती? गुरुजी सत्काराला आले आणि डोक्यावर लिहिलेलं, शिक्षक बिचारा!"

"ती फ्लेक्सवाल्याची चूक."

"आणि मजकूर कोणी लिहून दिला?"

भाऊ बिस्किटाकडे वळले.

मी सुलभाच्या बाजूचा. वीस वर्षं प्रूफं तपासणारी बाई आहे, तिला शब्दाचं कूळ ठाऊक असतं. म्हणाली, "दोन्ही शब्द एकाच घरचे. मध्ययुगात युरोपात बरेच विक्रेते दारोदार फिरायचे, पण विद्यापीठाजवळचा पुस्तकविक्या एका जागी दुकान मांडून बसायचा. म्हणून तो स्टेशनर. लंडनमध्ये 1403 साली त्यांचा संघ झाला, 1557 मध्ये त्याला शाही सनद मिळाली. बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. स्टेशनरमध्ये 'ई' आहे, म्हणून मालातही 'ई'."

इतकं सोपं मला शाळेत कोणी सांगितलं नाही. नुसतं पाच-पाच वेळा लिहायला लावलं.

"म्हणजे आपल्याकडचं बैठं दुकान," मन्या खूश झाला. "मग माझं 'ए'नेही बरोबर! दुकान हलतंय कुठे?"

"दुकानच काय, मालही हलत नाही तुझा. गेल्या दिवाळीच्या डायऱ्या अजून काचेत आहेत."

हे मात्र लागलं. मन्या तडक उठला, स्टूल लावलं, पेचकस घातला आणि ॲक्रिलिकचं अक्षर खटकन उपटलं. मागे गोंदाचा पिवळा डाग तेवढा उरला.

"अरे, शेवटून तिसरं!" सुलभा किंचाळली. "तू पुढून तिसरं काढलंस!"

तिथेही 'ए'च होता. भाऊंच्या हातातला चहा हसता हसता शर्टावर सांडला.