कॅट काढून ॲव्हरेज वाढत नाही

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू निवळवणारा डबा) पोकळ करा, ईजीआरला (एक्झॉस्टचा थोडा भाग इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह) पत्रा लावून तो बंद करा, डिझेल असेल तर डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) काढून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रिमॅप करा, म्हणजे त्याचं प्रोग्रामिंग बदला. लिटरमागे तीन-चार किलोमीटर ॲव्हरेज वाढतं, पिकअप सुधारतो, इंजिन जास्त टिकतं. हे भाग कंपनीने फक्त सरकारी नियमासाठी बसवलेत, आणि पीयूसी तर काढल्यावरही मिळते. निव्वळ थाप असती तर हा मेसेज केव्हाच विरला असता. त्यात अधूनमधून खरं आहे, म्हणूनच तो एकेक मुद्दा घेऊन तपासायला हवा.

‘कॅटमुळे एक्झॉस्ट गुदमरतो, काढला की ॲव्हरेज वाढतं.’

आधी हिशेब. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन घ्या, हायवेला ८० च्या वेगाने, २,४०० आरपीएमवर चाललेलं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपलं सगळं पोट रिकामं करतं, म्हणजे इथे सेकंदाला २० वेळा. चांगल्या स्थितीतल्या कॅटचा अडथळा ३ किलोपास्कल धरू. हा आकडा मेसेजच्याच बाजूने झुकता धरलेला आहे. ३,००० × ०.००१२ × २० म्हणजे ७२ वॉट. त्याच वेळी हवा कापत गाडी पुढे न्यायला इंजिन साधारण १० किलोवॉट देत असतं. कॅटचा वाटा एक टक्काही भरत नाही. लिटरला १८ देणाऱ्या गाडीत हा फरक जेमतेम १३० मीटरचा. तीन-चार किलोमीटर कुठून येणार?

मग ‘माझी गाडी खरंच सुधारली’ म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. त्यांचा कॅट तुंबलेला होता. तुंबलेल्या कॅटची रिकाम्या नळीशी तुलना केली तर नळी जिंकणारच. तुलना करायची ती चांगल्या कॅटशी.

आणि कॅट आपोआप तुंबत नाही. आत सिरॅमिकची जाळी असते, दर चौरस इंचाला साधारण ४०० ते ६०० बारीक नळ्या, त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप. प्लग किंवा कॉइल गेली, एक सिलिंडर मिसफायर करू लागला, की न जळलेलं पेट्रोल थेट या जाळीत येऊन पेटतं. तापमान हजार अंशांच्या वर गेलं की आधी लेपाची ताकद जाते आणि आणखी चढलं की जाळी वितळून नळ्या बुजतात. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तेच सांगत असते: ॲक्सिलरेटर सोडा, कॅट जळतो आहे. रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेलं इंजिन ऑइल खातं, आणि त्या ऑइलमधल्या फॉस्फरसचा थर लेपावर बसतो. हेड गॅस्केटमधून कूलंट येत असेल तरी तेच. कॅट फेकला म्हणून यातलं एकही दुखणं जात नाही. फक्त ते दाखवणारा भाग जातो.

कॅट तुंबलाय का, हे ठरवायला तो कापावा लागत नाही. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या आट्यात प्रेशर गेज लावायचा. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) दीड पीएसआयच्या आत आणि २,५०० आरपीएमला तीनच्या आत राहिला तर रस्ता मोकळा आहे. त्यावर गेला तर कॅट बदला, पण आधी तो का गेला ते शोधा. नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

काढल्यावर काय होतं तेही पाहू. कॅटच्या आधीचा, म्हणजे पुढचा ऑक्सिजन सेन्सर सतत ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये वरखाली करतो. मागचा ०.६-०.७ च्या आसपास स्थिर असतो, कारण कॅट ऑक्सिजन साठवून तो चढउतार गिळतो. कॅट नाही म्हटल्यावर मागचाही नाचू लागतो, पी०४२० हा ‘कॅट नीट काम करत नाही’ सांगणारा कोड येतो, चेक इंजिनचा दिवा कायमचा पेटतो. यापुढे खरा बिघाड झाला तरी कळायला मार्ग नाही, कारण दिवा आधीच पेटलेला. मागच्या सेन्सरखाली स्पेसर (सेन्सरला एक्झॉस्टपासून दूर धरणारा तुकडा) घालून कोड लपवणारे आहेतच. पण बऱ्याच गाड्यांमध्ये ईसीयू त्याच सेन्सरवरून पेट्रोलचं प्रमाण बारीक जुळवतो, म्हणजे फसवणूक आपल्याच टाकीची होते.

जाता जाता: गॅरेजवाला ‘फुकटात काढून देतो’ म्हणाला, तर काढलेला कॅट कुठे जातो हे विचारा. त्यातल्या धातूंमुळे त्याला भंगारात चांगला भाव आहे.

‘ईजीआर इंजिनाला स्वतःचाच धूर खायला लावतो, बंद केला की पिकअप येतो.’

पहिलं अर्धं वाक्य बरोबर. ईजीआर एक्झॉस्टचा थोडा भाग पुन्हा इनटेकमध्ये सोडतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जळत नाहीत, उष्णता शोषतात आणि ऑक्सिजनची जागा घेतात. त्यामुळे ज्वलनाचं कमाल तापमान उतरतं. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन साधारण १,४०० अंशांच्या वर झपाट्याने एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड्स बनवतात. ईजीआर आहे तो हे टाळायला.

दुसरं अर्धं वाक्य मात्र टिकत नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबता तेव्हा ईसीयू हा व्हॉल्व्ह बंदच करतो, कारण तेव्हा सगळी हवा हवी असते. आधीच बंद असलेल्या व्हॉल्व्हवर पत्रा लावून पिकअप येईल कसा? व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला असेल तरच फरक जाणवतो. म्हणजे पुन्हा तीच गफलत, बिघडलेल्याची तुलना बंद केलेल्याशी.

पेट्रोल गाडीत तर गंमत उलटी आहे. कमी लोडवर ईजीआरमुळे थ्रॉटल जास्त उघडा ठेवता येतो, हवा ओढायला लागणारी मेहनत कमी होते आणि पेट्रोल वाचतं. तो बंद केला की ज्वलन तापतं, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) वाढतं, ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. ॲव्हरेज वाढायच्या ऐवजी घटू शकतं.

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनात पत्रा लावला तर इंजिन कुरकुर न करता चालतं, आतली काजळीही कमी होते, हे मान्य. तिथे किंमत मोजतात ती मागून येणाऱ्यांची फुप्फुसं. पण बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण मानकाच्या) डिझेलमध्ये ईसीयू एअर फ्लो सेन्सरच्या आकड्यावरून ईजीआर किती आला ते ताडतो. पत्रा लावला की पी०४०१ हा ‘ईजीआर कमी पडतोय’ सांगणारा कोड येतो, बऱ्याच गाड्या लिम्प मोडमध्ये जातात, म्हणजे ताकद मुद्दाम कमी करून चालतात. एससीआर (युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइड्स कमी करणारा भाग) असेल तर त्याच्यावर जास्तीचा भार पडतो आणि डीईएफ, म्हणजे ते द्रावण, लवकर संपतं.

व्हॉल्व्ह अडकतो तो नुसत्या काजळीने नव्हे. क्रँककेस ब्रीदरमधून (इंजिनाच्या तळातली वाफ बाहेर काढणारी नळी) येणारी ऑइलची वाफ आणि काजळी मिळून डांबरासारखा लगदा होतो. थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन थंडच चालणं, रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १,२०० आरपीएमला गाडी रखडवणं, टर्बोच्या सीलमधून ऑइल येणं, ही मुळं. साफ करताना व्हॉल्व्ह उतरवून कार्ब क्लीनरने भिजवा, नायलॉनच्या ब्रशने घासा. स्क्रूड्रायव्हर घालून जोर लावलात तर आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. मोटरच्या बाजूला क्लीनर जाऊ देऊ नका, गॅस्केट नवं घाला, आणि जोडल्यावर स्कॅनरने व्हॉल्व्हची बंद स्थिती नव्याने शिकवा. ही शेवटची पायरी गाळली म्हणून ‘साफ करून उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो.

‘डीपीएफ म्हणजे कटकट, एकदा काढला की सुटका.’

या मुद्द्यात सगळ्यात जास्त तथ्य आहे. डीपीएफ काजळी अडवतो, ती अधूनमधून जाळावी लागते, त्यासाठी जादा डिझेल लागतं. तेव्हा थोडं ॲव्हरेज जातं हे खरं. शिवाय शहरात फिरणाऱ्या गाडीला हा भाग खरोखर छळतो.

पण छळ कशामुळे होतो ते समजून घ्या. सलग हायवेला एक्झॉस्ट पुरेसा तापतो आणि काजळी आपसूक कमी होत राहते. शहरात ते होत नाही, म्हणून ईसीयू पॉवर स्ट्रोकनंतर थोडं डिझेल फवारून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास नेतो. याला साधारण १५-२० मिनिटं लागतात. आयडल किंचित चढलेलं, पंखा जोरात, क्षणिक ॲव्हरेज पडलेलं, गरम वास: ही त्याची खूण. नेमकी तेव्हा गाडी घरी पोचते आणि आपण चावी फिरवतो. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी सिलिंडरच्या भिंतीवरून डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डीपीएफच्या गाडीत डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. ते पातळ झालंय, बदला.

उपाय साधा आहे. डीपीएफचा पिवळा दिवा लागला की मोकळ्या रस्त्याला ६० च्या वर, २,००० आरपीएमच्या आसपास, दिवा जाईपर्यंत चालवा. सोबत चेक इंजिनही पेटला तर थेट वर्कशॉप. तिथे स्कॅनरने रीजनरेशन (काजळी जाळण्याचं हे काम) करण्याआधी डिफरन्शियल प्रेशर सेन्सरच्या (फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक मोजणारा) दोन रबरी नळ्या तपासून घ्या. एक चिरलेली असली तरी धड फिल्टर ‘तुंबलेला’ दिसतो. ऑइल कमी राखेचंच घाला, मॅन्युअलमध्ये बहुधा एसीईए सी२ किंवा सी३ असा ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो. काजळी जळते, राख जळत नाही. साध्या ऑइलची राख फिल्टर कायमचा भरते. आणि कुणी ॲसिड ओतून डीपीएफ धुऊन देत असेल तर गाडी परत घेऊन या.

डीईएफबद्दलही एक उपाय याच मेसेजला जोडून येतो: खताचा युरिया पाण्यात विरघळवून टाकीत घाला. डीईएफ म्हणजे शुद्ध युरिया ३२.५ टक्के, बाकी क्षार काढलेलं पाणी. आपल्याकडचा खताचा युरिया २०१५ पासून नीमलेपित असतो. ते तेल, बाययुरेट (युरियातली अशुद्धी) आणि नळाच्या पाण्यातले क्षार आधी इंजेक्टर बुजवतात, मग एससीआरचा लेप मारतात. हजार रुपये वाचवायला काही हजारांचा भाग.

‘पीयूसी मिळते, म्हणजे प्रदूषण नाही.’

पीयूसीत पेट्रोल गाडीचं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलचा धूर किती गडद ते पाहतात. नायट्रोजन ऑक्साइड्स मोजतच नाहीत. ईजीआर आणि एससीआर ज्याच्यासाठी आहेत ती गोष्टच तपासणीत नाही, तर पास होण्याला अर्थ काय? बीएस-४ डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइड्सची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती, बीएस-६ ला ८०. कणांची २५ वरून ४.५ वर आली. एवढी घट याच भागांनी केलेली आहे. नायट्रोजन ऑक्साइड्स धुरासारखे डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे ‘माझ्या गाडीला धूरच नाही’ हाही पुरावा होत नाही.

‘फक्त नियमासाठी’ म्हणाल तर हो, नियमासाठीच. ब्रेकलाइटही नियमासाठीच आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे फेरफार करू देत नाही. कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्सला अपात्रता.

जुनी गाडी घेणाऱ्यांना या मेसेजचा फटका न विचारता बसतो, कारण आधीच्या मालकाने काय काढलंय ते कागदावर नसतं. थंड गाडीत कॅटच्या डब्यावर रबरी हातोडीने हलकं ठोका. खडखडाट आला तर जाळी फुटलेली, रिकाम्या डब्याचा आवाज आला तर पोकळ केलेली. डब्यावर कंपनीच्या नसलेल्या वेल्डिंगची रेघ शोधा. इंजिन चांगलं तापवून स्कॅनरवर मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख बघा. तो पुढच्यासारखाच नाचत असेल तर नव्या कॅटची किंमत सौद्यातून वजा करा. डिझेलमध्ये सायलेन्सरच्या टोकाला आतून बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं.