‘माफी मागितली ना, मग विषय संपला’? नाही संपत

परदेशात तैनात असलेल्या सैनिकाने तिथल्या धर्माचा अवमान केल्याची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. ‘तो जीव मुठीत घेऊन लढतोय. चूक झाली, वरिष्ठांनी माफी मागितली. आता शिक्षा केली तर सैन्याचं मनोबल खचेल. आणि भावना दुखावणं हा काही गुन्हा नव्हे.’

मनोबलापासून सुरुवात करू. फेब्रुवारी 2012, अफगाणिस्तानातला अमेरिकी सैन्याचा बगराम तळ. तिथल्या तुरुंगातले कैदी ग्रंथालयातल्या पुस्तकांतून एकमेकांना निरोप पाठवतात, या संशयावरून अमेरिकी सैनिकांनी ती पुस्तकं जाळायला नेली. त्यात कुराणाच्या प्रती होत्या. तिथल्या अफगाण कामगारांनी अर्धवट जळलेल्या प्रती आगीतून ओढून काढल्या आणि बातमी तळाबाहेर गेली. दंगलींत किमान 30 माणसं मेली. 25 तारखेला काबूलच्या गृह मंत्रालयात दोन अमेरिकी अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. हा कुराण जाळल्याचा सूड आहे, असं तालिबानने सांगितलं. मनोबलाची काळजी करणाऱ्यांनी या दोघांचा विचार आधी करावा.

‘चूक झाली.’ बगराममध्ये हेतू वाईट नव्हता, असं चौकशीत निघालं. मला ते पटतं. पण बंदूक हयगयीने हाताळून कुणी मेलं तर सैन्य ‘हेतू नव्हता’ म्हणून सोडून देतं का? इथे जाब फक्त गाडीतून पुस्तकं उतरवणाऱ्या पोरांना विचारून भागत नाही, आदेश देणाऱ्यालाही विचारायला हवा. आणि 2008 साली बगदादजवळच्या रदवानियात तर चुकीचा प्रश्नच नव्हता. तिथे एका सैनिकाने कुराण नेमबाजीचं लक्ष्य म्हणून वापरलं होतं. सेनाधिकाऱ्यांनी माफी मागितली, त्याला इराकमधून परत पाठवलं. इराकी माणसाला दिसलं ते एवढंच, की तो घरी गेला.

‘गुन्हा नव्हे’ हेही सरसकट खरं नाही. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम 27 संरक्षित नागरिकांच्या, म्हणजे युद्धात परक्या सत्तेच्या हाती सापडलेल्यांच्या, धार्मिक श्रद्धा आणि आचारांचा आदर बंधनकारक करतं. त्याखेरीज सैन्याची स्वतःची शिस्त असतेच.

माफीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. बगरामनंतर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामांनी अफगाणिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष करझाईंना पत्र लिहून माफी मागितली. ऑगस्टमध्ये सहा जणांवर प्रशासकीय कारवाई झाली, फौजदारी खटला एकावरही नाही. अमेरिकी सैनिकांवर खटला चालवायचा अधिकार दोन्ही देशांमधल्या करारानुसार अफगाण न्यायालयांना नव्हताच. म्हणजे दाद मागायची ती त्याच सैन्याकडे. मग चौकशीत काय निघालं, कोणाला काय शिक्षा झाली आणि का, हे आगीत हात घालणाऱ्या त्या कामगारांना त्यांच्या भाषेत सांगायला हवं होतं.