न्यूयॉर्कच्या ९५.५ एफएमबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मोठ्या शहरांतल्या ख्रिश्चन रेडिओ स्टेशनांवर लिहून मी त्यांची फुकट जाहिरात केली, ही स्टेशनं म्हणजे धर्मांतराचं दुकान आहे, आपल्याकडं त्यांना बंदी आहे तेच बरं, आणि शेवटी तुम्ही विचारलंय की न्यूयॉर्कमध्ये ९५.५ एफएमवर लागणाऱ्या त्या के-लव्ह नावाच्या ख्रिश्चन स्टेशनवाल्यांना न्यूयॉर्कचं काय पडलंय? शेवटचं बरोबर आहे तुमचं. बाकीचं मला पटलं नाही.

बंदीचं आधी सांगतो. खाजगी एफएमच्या नियमात धार्मिक संस्थेला लायसन मिळत नाही हे खरं, पण ते कुठल्याच धर्माच्या संस्थेला मिळत नाही, चर्चला नाही तसं देवस्थानालाही नाही. ब्रिटनमध्येसुद्धा १९९० च्या कायद्यानंतरच वाट मोकळी झाली, आणि १९९५ ला लंडनमध्ये प्रीमियर हे ख्रिश्चन स्टेशन सुरू झालं, तेपण एफएमवर नाही, मीडियम वेव्हवर. त्यांनी जोडीला फोनची हेल्पलाइन चालवली, एकट्या पडलेल्या माणसाला मन मोकळं करायला. हे मला मोठं काम वाटतं, म्हणून लेखात लिहिलं.

आता ‘दुकान’. आमच्या घरी कपाटावर जुना मर्फी रेडिओ होता. पप्पा रात्री शॉर्टवेव्हवर सेशेल्स बेटांवरून येणारं फेबा या ख्रिश्चन रेडिओ संस्थेचं हिंदी प्रसारण लावायचे, आवाज मधेच जवळ यायचा मधेच बुडायचा, मग पप्पा एका हातानं बटण धरून दुसऱ्या हातानं तांब्याची वायर खिडकीच्या गजाला टेकवून तसेच उभे राहायचे, प्रार्थना संपेपर्यंत. २००३ ला ते प्रसारण बंद झालं, तरी पुढं कितीतरी दिवस ते त्याच जागी काटा नेऊन खरखर ऐकायचे. आणि सकाळी त्याच रेडिओवर आई आकाशवाणी लावून अभंगाच्या नादात भाकरी थापायची. रोज तुकोबा ऐकून आमचं चर्च सुटलं नाही आणि आमच्याकडं बसून नाताळची गाणी ऐकून शेजारच्या काकूंची अंबाबाई सुटली नाही. अहो, आमच्या उपासनेत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंगच म्हणतात की! रेडिओ ऐकून माणूस बाटतो हे मी तरी कधी बघितलं नाही. अमेरिकेतल्या के-लव्हसारख्या स्टेशनांवर जाहिराती नसतात, ऐकणारेच वर्गणी देतात, म्हणजे ते चालतं मुख्यतः आधीपासून श्रद्धा असलेल्यांच्या पैशावर.

पण ९५.५ चं तुम्ही बरोबर पकडलंत आणि मी लेखात ते घालायला पाहिजे होतं. तिथं डब्ल्यूपीएलजे नावाचं न्यूयॉर्ककरांचं जुनं म्युझिक स्टेशन होतं. के-लव्हच्या संस्थेनं ते आणि आणखी पाच स्टेशनं मिळून १०.३५ कोटी डॉलरला घेतली, ३१ मे २०१९ ला संध्याकाळी जुनं बंद झालं आणि त्या जागी देशभर सगळीकडं जे लागतं तेच लागायला लागलं. गाणी चांगली आहेत, पण निवेदकाला त्या गल्लीत आज काय झालंय हे माहीतच नसतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडं कोल्हापुरात पूर आला. लाईट नाही, मोबाईल बंद पडलेला, आम्ही सगळे जिन्यात बसून ट्रान्झिस्टरवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ऐकतोय, धोक्याची ४३ फूट आणि पाणी ५५ च्या वर. तेव्हा आम्हाला लांबून कुठून तरी आलेलं भजन नको होतं, प्रार्थना आमची आम्ही करत होतोच, पाणी कुठवर आलंय तेवढं सांगणारा आपला माणूस पाहिजे होता. स्टेशन चर्चचं असो नाहीतर कुणाचं, शहरात राहायचं तर एवढं त्यानं केलंच पाहिजे.

हा मुद्दा आज लेखात घालतोय, तुमच्या प्रतिक्रियेमुळं सुचला असं लिहून. तेवढा तो ‘दुकान’ शब्द मागं घेतलात तर बरं वाटेल दादा, पप्पांची ती वायर अजून गजाला तशीच आहे.